चला, कार्ले-भाजे पाहू
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



येत्या रविवारी आपल्या वर्गाची सहल निघायची आहे. पहाटे सहाला तुर्भे नाक्यावरून गाडी सुटेल. दिवसभरात कार्ल्याची आणि भाज्याची लेणी पाहून, रात्री जेवणवेळेला आपण परत येऊ. तिथे काय पाहायचे, कसे पाहायचे, काय खायचे, हे आज सांगायचे आहे.

आम्ही सहलीची गोष्ट काढली की वर्गात दर वर्षी एक प्रश्न उठतो. "आठवड्यात एकच सुट्टी. त्यात धुणी, बाजार, पोरांची दुखणी. तो दिवस दगड बघण्यात घालवायचा? आमच्यातल्या निम्म्या लोकांचा जन्म तर दगड फोडण्यात गेला!"

प्रश्न खोटा नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. या शहराचे रस्ते, पाये, भिंती यांना दगड कोठून आला? आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या पारसिकच्या डोंगरातून. तो फोडला कोणी? सोलापूरकडून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेल्या बायाबापड्यांनी. तुमच्यातल्या कित्येकांच्या आईबापांनी. तेव्हा दगड म्हणजे काय ते तुम्हांला आम्ही शिकवावे असे नाही. उलट तुम्हीच आम्हांला सांगाल. एवढेच म्हणतो, की एकदा येऊन पाहा. मग सुट्टी वाया गेली की कामी आली, ते तुम्हीच ठरवा.

रस्ता

कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. सहा पदरी, सिमेंटचा रस्ता. २००२ साली तो सगळा वाहतुकीला खुला झाला. आपली गाडी त्यावर लागली की झोपू नका. खिडकीबाहेर पाहा. उजव्या हाताला लांबवर अंगठ्यासारखा सुळका दिसेल, तो कर्नाळा किल्ला. डाव्या हाताला माथेरानची रांग. तिच्यापुढे प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका.

थोडे पुढे, चौक गावाजवळ, डावीकडे इर्शाळगड दिसतो. तिथे आपण दोन मिनिटे गप्प बसू. त्या गडाच्या उतारावर ठाकर लोकांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, धो धो पावसात डोंगराची कड सुटली आणि झोपलेल्या वाडीवर आली. मेलेली आणि न सापडलेली अशी ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगर आपल्याला पाणी देतो, लाकूड देतो, सावली देतो. पण त्याच्या कुशीत राहणाऱ्याने त्याचे लक्षण ओळखले पाहिजे. जमिनीला भेगा दिसल्या, झाडे किंवा खांब कलू लागले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घर सोडून सुरक्षित जागी जावे आणि तलाठ्याला, पोलिसाला कळवावे. आपल्या शहरातही डोंगराच्या उतारावर वस्त्या आहेत. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

घाट

खोपोलीच्या पुढे बोरघाट लागतो. कानाला दडे बसतील, घाबरू नका. आवंढा गिळला की मोकळे होतात. खाली आपण समुद्राच्या पातळीपासून थोडेच वर असतो. लोणावळे सुमारे ६२० मीटर उंच आहे. तिथे गाडीतून उतरलात की थंडी झोंबेल. माघ महिना आहे, शाल-स्वेटर जवळ असू द्या.

घाट चढताना डोंगराकडे नीट पाहिले तर तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. एक उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. असे का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून तापलेला रस बाहेर आला. तो पसरला, निवला, त्याचा थर झाला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. असे थरावर थर बसून काळा कातळ झाला. वाकळीचे पदर एकावर एक असावेत, तसे. हा कातळ घट्ट असतो, टाकीचा घाव धरून ठेवतो. म्हणून आपल्या सह्याद्रीत इतकी लेणी झाली.

खोपोलीत डोंगरावरून उतरलेले मोठाले नळ आहेत. लोणावळ्याच्या धरणांचे पाणी त्यांतून खाली येते आणि वीज तयार होते. १९१५ सालापासून हे काम चालू आहे. मुंबईच्या गिरण्यांचे माग याच पाण्याच्या जोरावर फिरले.

आणि ही आगगाडीची वाट. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. कड्यात सुरुंग लावून बोगदे खणले, दऱ्यांवर पूल बांधले. यंत्रे थोडी, माणसांचे हात फार. पटकीने, तापाने, अपघाताने हजारो मजूर मेले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. मात्र जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोक सांगतात, की शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. ही सांगोवांगीची गोष्ट आहे. पण आजही त्या देवळासमोरून जाताना गाडीवाले हात जोडतात, नाणे टाकतात. कागदावर नाव न चढलेल्या माणसाला लोकांनी आपल्या परीने आठवणीत ठेवले.

एकवीरेच्या पायरीवर

लोणावळ्याच्या पुढे आठ-दहा किलोमीटरवर कार्ले फाटा. तेथून डोंगराच्या पायथ्याशी गाडी जाते. मग पायऱ्या. तीनशेंच्या वर आहेत. घाई करू नका. ज्यांना दम लागतो त्यांनी मध्ये बसावे, आम्हीही बसणार आहोत.

वर पोचताच पहिले दर्शन होते ते आई एकवीरेच्या देवळाचे. बेलापूर, करावे, सानपाडा, घणसोली, दिवाळे इथल्या आगरी-कोळी मंडळींना तिची ओळख करून द्यायला नको. चैत्रात पालख्या निघतात, तेव्हा सारी वाट गुलालाने रंगते. देवळाच्या अगदी शेजारी लेणे आहे. गर्दी देवीला जाते आणि पुष्कळ लोक तिथूनच मागे फिरतात. आपण मात्र दोन्हीकडे जाऊ. देवीला हात जोडू आणि लेण्यात शिरू. तिकीट काढावे लागते, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

कार्ल्याचे लेणे

आधी बाहेर उभे राहू. डाव्या हाताला एक उंच खांब, त्याच्या डोक्यावर पाठीला पाठ लावलेले चार सिंह. पुढे ओसरी. तिच्या दोन्ही टोकांना दगडी हत्ती उभे आहेत, जणू सगळी इमारत त्यांनी पाठीवर तोलली आहे. दारांवर मोठी कमान, पिंपळाच्या पानासारखी. तिच्यातून उजेड आत जातो.

आता आत चला. बोलणे आपोआप थांबते बघा. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि जवळजवळ तेवढेच उंच असे हे दालन. भारतातल्या अशा चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, एकूण ३७ खांब. टोकाला स्तूप. बौद्ध भिक्षू इथे जमत, स्तूपाला प्रदक्षिणा घालत, वंदना म्हणत. छताला लाकडाच्या कमानी दिसतात ना? त्या सागवानी आहेत आणि दोन हजार वर्षे तिथेच आहेत. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच.

हे लेणे बांधलेले नाही, कोरलेले आहे. बांधकामात आपण पायापासून वर जातो. इथे उलटे. आधी वरचे छत कोरायचे, मग खाली खाली यायचे. अर्धवट राहिलेली लेणी पाहून जाणकारांनी हे ताडले. मागे एका वर्षी आमच्याबरोबर खाणीत हयात घालवलेले एक काका होते. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाले, "हात वरून खाली आलाय. आणि गुरुजी, इथं चुकायची सोय नव्हती. भिंतीतली वीट चुकली तर काढून दुसरी बसवता येते. इथं खांब तुटला की तुटला." आमच्या पुस्तकात जे चार पानांत लिहिले होते, ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले. त्या दिवशी वाटाड्याचे काम त्यांच्याकडे गेले आणि आम्ही ऐकत राहिलो.

भिंतीवरची नावे

आता ज्यासाठी तुम्हांला इथे आणायचे ते सांगतो. या लेण्याच्या खांबांवर आणि भिंतींवर अक्षरे आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा त्या काळची लोकांची प्राकृत. आपण वर्गात गिरवतो त्या देवनागरीची ब्राह्मी ही फार जुनी पूर्वज. मधल्या काळात ती वाचणारे कोणी उरले नव्हते. कित्येक शतके लोक या अक्षरांसमोरून गेले, पण ती मुकी होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला आणि भिंती बोलू लागल्या.

त्या काय बोलल्या? राजेरजवाड्यांची नावे तर आहेतच. नहपान राजाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या चरितार्थासाठी करजिक नावाचे गाव दिले, असे एक लेख सांगतो. त्या वेळी या जागेला वलुरक म्हणत. वैजयंतीचा शेठ भूतपाल याने लेण्याचे काम पुरे केले. हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे त्याने अभिमानाने कोरून ठेवले. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातले बनवासी, असे मानतात.

पण एवढ्यावर थांबू नका. धेनुकाकट नावाच्या गावच्या एका सुताराचे नाव इथे आहे. त्याचे नाव सामी, बापाचे नाव वेणुवास. दाराचे काम आपण केले, असे तो सांगतो. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दरवाजा दिला. कोणी एक खांब दिला, कोणी कठडा. देणाऱ्यांत भिक्षुणी आहेत, म्हणजे बायका आहेत. यवन आहेत, म्हणजे समुद्रापलीकडच्या मुलखाशी नाते सांगणारे लोक. सोपाऱ्याचा एक पाठक आहे. सोपारा म्हणजे आपले आजचे नालासोपारा! जिथून आज लोक लोकलने कामाला येतात, तिथला माणूस तेव्हा घाट चढून इथे आला आणि एक खांब देऊन गेला.

ते सगळे इथे का आले असतील? वाटच तशी होती. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत गलबते लागत. तिथला माल बैलांवर घालून घाटमार्गे वर येई. वाटेवरच्या अशा लेण्यांच्या आश्रयाने व्यापाऱ्यांचे तांडे उतरत. म्हणजे आपण ज्या वाटेने गाडीतून आलो, ती वाट दोन हजार वर्षे वाहते आहे.

मागच्या वेळी एका ताईंनी विचारले, "त्या सुताराला लिहिता येत होते का हो?" प्रश्न फार चांगला. भिंतीवरची अक्षरे त्याने स्वतः कोरली की दुसऱ्या कोणी, हे ती अक्षरे सांगत नाहीत. पण आपले नाव लिहिले जावे, बापाचे नाव लिहिले जावे, आपण कोणते काम केले ते पुढच्यांना कळावे, ही इच्छा त्याची होती. तीच इच्छा घेऊन तुम्ही रात्री आठ वाजता, दमलेल्या अंगाने, वर्गात येऊन बसता. रेल्वेचे मजूर नावाविना गेले, सामी सुतार नावानिशी राहिला. मध्ये फक्त एक ओळ आहे.

नाव कोठे लिहावे?

याच भिंतींवर दुसरीही अक्षरे दिसतील. कोणी खडूने, कोणी खिळ्याने, कोणी रंगाने आपले नाव, तारीख आणि बदामाचे चित्र काढून गेले आहे. ते लिहिणारे शाळेत गेलेले होते बरे का! निरक्षर माणूस असे करू शकत नाही. म्हणजे अक्षर आले तरी शहाणपण आलेच असे नव्हे.

सुताराने काम दिले आणि मग त्याचे नाव लागले. याने काही दिले नाही, उलट होते ते बिघडवले. संरक्षित जागेची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा १९५८ चा आहे, २०१० साली शिक्षा वाढवली. पण कायद्याचा धाक घालून आम्हांला थांबायचे नाही. तुमच्याबरोबर पोरे असतील. त्यांनी खडा उचलला तर त्यांचा हात धरा, आणि हा सुतार कोण होता ते त्यांना सांगा. पोरे ऐकतात.

पोटोबा

दुपारी पायथ्याशी उतरू. तिथे झोपड्यांतून चुलीवर भाकरी भाजणाऱ्या मावळातल्या बाया आहेत. तांदळाची नाहीतर ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा, हाताने फोडलेला कांदा. भात मागितलात तर इंद्रायणी तांदळाचा मिळेल. हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या केंद्रातून निघाले. भात मऊ, चिकट, वासाचा. घरच्यासारखे जेवा आणि पैसे हातावर ठेवा, घासाघीस करू नका. त्यांचाही तो रोजच आहे.

लोणावळ्याला आलो म्हणजे चिक्की आलीच. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना पोटाला आधार म्हणून गूळ-दाणे विकत आणि त्यातून पुढे चिक्की झाली, असे इथे सांगतात. घरीही करता येते. दाणे भाजून, सोलून, भरड करा. गुळाचा पाक करा. त्याचा थेंब पाण्यात टाकला आणि तो कडक होऊन मोडला, की पाक झाला. दाणे टाका, तूप लावलेल्या पाटावर ओता, लगेच लाटा आणि गरम असतानाच वड्या पाडा. पोराच्या खिशात दोन रुपयांच्या रंगीत गोळीऐवजी हा तुकडा असू द्या.

भाज्याचे लेणे

जेवल्यावर आळस येईल. तरी उठू, कारण रेल्वेच्या पलीकडे, मळवली स्टेशनापासून थोड्याच अंतरावर भाज्याची लेणी आहेत. ती कार्ल्याहूनही जुनी, सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीची. एकूण २२ लेणी. इथल्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले दिसतील. लाकडी घरात छपराचा भार पेलायला वासे असे कलते लावत. दगडाला त्याची गरज नाही, पण कारागिरांच्या हाताला लाकडाची सवय होती. नवे काम शिकताना जुन्या कामाची सवय जाता जात नाही, हे आपणही जाणतोच.

एका ठिकाणी १४ स्तूप ओळीने आहेत, ती वडीलधाऱ्या भिक्षूंची स्मारके. शेवटच्या बाजूच्या लेण्यात भिंतीवर रथात बसलेला सूर्य, हत्तीवरचा इंद्र, आणि तबल्यासारखे वाद्य वाजवणारी बाई कोरली आहे. शेजारी एकजण नाचते आहे. ती पाहिल्याशिवाय निघू नका. समोर लोहगड आणि विसापूर उभे आहेत. लोहगडाचे नाव २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. तो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू.

पावसाळ्यात इथे धबधबे सुटतात आणि सारे जग लोटते. तेव्हा कोणी आपल्या आपण आलात तर एक ध्यानात धरा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्याला एकाएकी लोंढा आला आणि एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी क्षणात वाढते. वाहत्या ओढ्यात पाय घालू नका. पाटी लावलेली असेल तर वाचा. आता तर तुम्हांला वाचता येते!

परतताना

सूर्य कलला की घाट उतरू. पनवेलच्या अलीकडे एका गावात आपली पोपटी ठरली आहे. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की आपल्या रायगडात पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, बटाटे, खाणाऱ्यांसाठी कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा. पाणी नाही, तेल नाही. मडके उपडे घालून भोवती पेंढा-लाकडे पेटवायची. मडक्यावर पाणी शिंपडले आणि ते चर्र करून उडाले, की पोपटी झाली. दिवसभराचे चालणे या वासाने विसरते.

शेकोटीभोवती बसून आपण एक काम करू. प्रत्येकाने आपल्या वहीत तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत आपले नाव. दुसऱ्या ओळीत आईचे किंवा बापाचे नाव. तिसऱ्या ओळीत आपण हाताने केलेले एक काम, पूल, गटार, रस्ता, भिंत, भाकरी, काहीही. शुद्धलेखनाचे गुण नाहीत. ज्याला अडेल त्याला शेजाऱ्याने सांगावे.

येताना पाण्याची बाटली, टोपी किंवा पदर, साधी चप्पल न घालता पट्ट्याची, आणि कचरा परत आणायला एक पिशवी. लहान मुलांना आणा, म्हाताऱ्यांना आणा. आणि पाटी-पेन्सिल घरी ठेवलीत तरी चालेल, वही मात्र विसरू नका.

रविवारी सहा वाजता. गाडी थांबणार नाही बरे का!